मानेत मज्जारज्जूवर दाब: एक सर्जन म्हणतात समोरून, दुसरे म्हणतात मागून

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे, शिवणकाम करतात. सहा-सात महिन्यांपासून सुईत दोरा ओवता येत नाही, शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो, चालताना चप्पल निसटते, जिना कठडा धरूनच उतरतात. दोन्ही हातांना मुंग्या आहेत, पण मान दुखत नाही आणि लघवीची तक्रार नाही. मधुमेह आहे, तंबाखू खातात. एमआरआयमध्ये सी३-४, सी४-५ आणि सी५-६ (म्हणजे मानेच्या तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांच्या दरम्यान) अशा तीन ठिकाणी मज्जारज्जूवर दाब आणि सी४-५ च्या पातळीवर मज्जारज्जूत पांढरा डाग दिसतो. एक सर्जन समोरून ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे मागून. ओळखीतले एकजण ट्रॅक्शन (मान ओढून ताण देणं) घ्या म्हणतात. लेकीने विचारलंय की खरं कोण बोलतंय, आणि मान दुखतच नसेल तर ऑपरेशन कशाला.

उत्तर:

आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू, कारण निम्मी घरं तिथेच अडकतात. मानेत दोन वेगळ्या गोष्टी दबू शकतात. हाताकडे जाणारी नस दबली तर खांद्यापासून बोटापर्यंत कळ येते, रात्री झोप लागत नाही, माणूस स्वतःच डॉक्टरकडे धावतो. अशी बरीच दुखणी काही आठवड्यांत औषधं आणि व्यायामाने शमतातही. तुमच्या वडिलांचा मात्र मज्जारज्जू दबलाय, आणि तो दबताना बऱ्याचदा दुखत नाही. हात अडखळतात, पाय जड होतात, तोल जातो. घरचे म्हणतात ‘वय झालं’, ‘साखर वाढली असेल’. गुडघ्याचे एक्स-रे निघतात, बी-१२ ची इंजेक्शनं होतात आणि वर्ष निघून जातं. पायातली चप्पल कळत-नकळत निसटणं हे आपल्याकडचं फार बोलकं लक्षण आहे. बूट घालून फिरणाऱ्या देशांतल्या पुस्तकांत ते क्वचितच सापडेल, पण आमच्या ओपीडीत रोज ऐकू येतं.

बी-१२ चा विषय निघालाच आहे तर ती तपासणी कराच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात तर आणखीच. बी-१२ च्या कमतरतेने मज्जारज्जूला होणारी इजा हुबेहूब अशीच दिसू शकते. दोन्ही आजार एकाच माणसात असणंही आपल्याकडे दुर्मीळ नाही. मग ऑपरेशन उत्तम होतं आणि हात काही सुधारत नाहीत.

आता ऑपरेशन हवं की नको. यासाठी १८ गुणांची एक मोजपट्टी जगभर वापरतात. हातांचं काम, चालणं, हातांतली संवेदना आणि लघवीवरचा ताबा यांचे त्यात गुण असतात. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे गंभीर. बटणांना लागणारा वेळ, कठडा धरून उतरणं, मुंग्या हे सगळं धरलं तर तुमचे वडील माझ्या हिशेबाने १२ च्या आसपास येतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय एखाद-दुसरा गुण इकडेतिकडे होईल. २०१७ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मध्यम आणि गंभीर गटासाठी शस्त्रक्रियेचीच शिफारस करतात. सौम्य गटात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखाली व्यायाम, दोन्ही चालतं. आणि नुसता एमआरआयमध्ये दाब दिसतोय, लक्षण एकही नाही, अशा माणसाला ‘पुढे त्रास नको’ म्हणून ऑपरेट करू नये, असंही त्यात सांगितलंय. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय, कारण नुसते रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘ऑपरेशन लागेल का’ असं विचारणारे खूप असतात. रिपोर्टवरून ते ठरत नाही.

म्हणजे ऑपरेशनला होकार दोन्ही सर्जनांचा आहे आणि माझाही. आज रात्रीच दाखल व्हा अशी घाई नाही, पण दिवाळीनंतर बघू, मग लग्नसराईनंतर बघू असंही चालणार नाही. काही आठवड्यांत उरकावं. लक्षणं जितकी जुनी तितकी सुधारणा कमी, एवढं या आजाराबद्दल खात्रीने म्हणता येतं. अपेक्षा नीट ठेवा. ऑपरेशनचा पहिला हेतू घसरण थांबवणं हा आहे. त्यापुढे सुधारणा बऱ्याच जणांना होते, त्यातली मोठी पहिल्या सहा महिने ते वर्षभरात होते, पण हात आणि पाय पूर्ववत होतीलच असं वचन कोणी देत असेल तर जरा सावध राहा. पांढऱ्या डागाने घाबरू नका. तो सूजही असू शकतो. एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत त्याच जागी काळा डागही दिसत असेल, तर मात्र कायमची इजा झाली असण्याची शक्यता जास्त. रेडिओलॉजिस्टला नेमकं हे विचारून घ्या.

आता मुख्य वाद. समोरून की मागून?

मानेच्या मधल्या-खालच्या भागात, मज्जारज्जू ज्यातून जातो ती मणक्यांमधली नळी समोरून मागे साधारण १७-१८ मिलिमीटर असते. १३ च्या खाली गेली की अरुंद म्हणतात, १० च्या खाली गेली की मज्जारज्जूला हलायलाही जागा उरत नाही. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते, त्यांना दोन मणक्यांमधली गादी थोडी सरकली तरी पुरते. ही जागा परत मिळवायच्या दोन दिशा आहेत. समोरून गेलं तर श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारून, दाबणारी गादी आणि हाडाचे काटे थेट काढता येतात. मग रिकाम्या जागी हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखा छोटा आधार (केज) बसवून, वर प्लेट लावून ते मणके जोडून टाकतात. ही पद्धत १९५० च्या दशकातली आहे, आजही एक-दोन पातळ्यांसाठी तिला तोड नाही. मागून गेलं तर दाबणाऱ्या गोष्टीला हात लावत नाहीत. मणक्याची मागची कमान काढतात किंवा उघडतात, आणि मज्जारज्जू मागे सरकून स्वतःची सुटका करून घेतो.

‘मागे सरकून’ हेच कळीचं आहे. मानेचा नैसर्गिक बाक शाबूत असेल तरच तो सरकतो. मान पुढच्या बाजूला वाकलेली असेल, तर मज्जारज्जू उंबऱ्यावरून ताणून ओढलेल्या दोरीसारखा गाद्यांच्या उंचवट्यांवर बसलेला असतो. मागची कमान काढा, नाहीतर अख्खा मणका मागून मोकळा करा, तो उंचवट्यावरून उठत नाही. अशा मानेवर नुसतं मागचं ऑपरेशन केलं की सुरुवातीला बरं वाटतं आणि वर्षा-दोन वर्षांत मान आणखी झुकते.

म्हणून माझा पहिला प्रश्न: उभं राहून, बाजूने काढलेला मानेचा एक्स-रे कुठे आहे? मान पुढे वाकवून आणि मागे नेऊनही एकेक. तुम्ही पाठवलेल्या कागदांत तो दिसत नाही. एमआरआय आडवं झोपवून काढतात. झोपल्यावर वाकलेली मानही सरळ दिसते आणि घसरणारा मणका जागेवर दिसतो. काहीशे रुपयांचा हा एक्स-रे नसताना दोन सर्जन दोन दिशा सांगतात, याचं मला नवल वाटत नाही. कदाचित दोघांनी वडिलांची मान मनातल्या मनात वेगवेगळी गृहीत धरली असेल.

दुसरा प्रश्न सीटी स्कॅनचा. एमआरआयमध्ये टणक हाड आणि झिजलेली गादी दोन्ही काळीच दिसतात. मणक्यांच्या मागच्या कडेने जाणारा एक पट्टा काही लोकांत हाडासारखा टणक होतो, त्याला ओपीएलएल म्हणतात. जपानमध्ये त्याचं प्रमाण बरंच आहे, आपल्याकडेही तो सापडतो, मधुमेह असलेल्यांत अधिक. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या फ्लोराइडच्या पाण्यावर वाढलेल्या माणसात मी तो आवर्जून शोधतो, कारण फ्लोरोसिसमध्येही हे पट्टे हाडासारखे होतात. वडिलांचं बालपण त्या भागात गेलं असेल तर सर्जनला सांगा. ओपीएलएल असेल तर समोरचा मार्ग अवघड होतो. हाड बनलेला पट्टा कधी कधी मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेला असतो, काढताना आवरण फाटून पाणी गळू शकतं. तिथे एक्स-रेवर दुसऱ्या आणि सातव्या मणक्याच्या पातळीवर नळीचे मध्यबिंदू जोडणारी एक रेघ मारतात. वाढलेलं हाड रेघेच्या पुढेच थांबत असेल तर मागून केलेलं काम पुरतं. रेघ ओलांडून मागे आलं असेल तर सहसा पुरत नाही. २००८ मध्ये जपानी सर्जनांनी ही साधी पट्टी-पेन्सिलची कल्पना मांडली आणि मी ती अजूनही बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वापरतो.

तिसरी गोष्ट पातळ्यांची. एक-दोन पातळ्या असतील तर बहुतेक जण समोरून जातील. चार किंवा जास्त असतील तर बहुतेक जण मागून. तीन म्हणजे नेमकी सीमारेषा. तुमच्या वडिलांचं प्रकरण तिथे बसतं, त्यामुळे मतभेद होणं स्वाभाविक आहे आणि दोघांपैकी कोणी खोटं बोलत असण्याची गरज नाही.

या वादावर चांगला पुरावाही आहे. २०२१ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांचा अभ्यास आला. १६३ रुग्ण होते, काहींचं समोरून आणि काहींचं मागून ऑपरेशन झालं. वर्षभरानंतर शारीरिक क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. त्रासांत मात्र फरक होता: समोरच्या गटात ४८ टक्के, मागच्या गटात २४ टक्के. समोरच्या गटातला मोठा वाटा गिळायला त्रास होण्याचा होता. मागच्या गटात खांदा-दंड उचलणारा स्नायू तात्पुरता कमजोर होण्याचं प्रमाण जास्त होतं. त्याच अभ्यासात मागून कमान उघडून ठेवण्याच्या पद्धतीचे निकाल सर्वांत चांगले दिसले, पण ती पद्धत चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, सर्जनने निवडलेल्या रुग्णांत केली होती. त्यामुळे त्या आकड्यांवर मी फार उड्या मारत नाही.

मार्ग दोन्ही चालत असतील तर निवड कशावर? इथे ऑपरेशन खऱ्या अर्थाने त्या माणसाचं होतं. आजकाल ‘पर्सनलाइज्ड’ म्हणून रोबोट, नेव्हिगेशन आणि थ्रीडी प्रिंट केलेले पिंजरे यांच्या जाहिराती दिसतात. ती साधनं आहेत, काही ठिकाणी उपयोगीही, पण कुठली दिशा आणि किती मणके, हा निर्णय यंत्र घेत नाही. मज्जारज्जूच्या दाबासाठी ‘लेझरने, बिनटाक्याचं’ असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून या.

वडिलांच्या बाबतीत मी काय बघेन ते सांगतो.

तंबाखू. मणके जोडायचे म्हणजे हाड धरायला हवं आणि निकोटिन नेमकं तिथेच आड येतं. तीन पातळ्या समोरून जोडायच्या तर तंबाखू ऑपरेशनआधी काही आठवडे आणि नंतर निदान तीन महिने पूर्ण बंद हवा. मिश्रीही त्यातच धरा. ‘कमी केलाय’ हे उत्तर मी बंद धरत नाही. वडिलांना जमणार नसेल तर तसं सर्जनला खरं सांगा, तोंडदेखलं ‘सोडतो’ म्हणू नका. कारण मग ज्यात हाड जोडायचंच नसतं ती पद्धत जास्त शहाणपणाची ठरते. १९७० च्या दशकात टोकियोच्या केओ विद्यापीठात हिराबायाशी यांनी रूढ केलेली लॅमिनोप्लास्टी ती हीच. कमान एका बाजूने पूर्ण कापायची, दुसऱ्या बाजूने अर्धवट, आणि तिथे बिजागरीसारखी उघडून छोट्या प्लेटने तशीच धरून ठेवायची. मणके हलते राहतात.

व्यवसाय. शिंप्याची मान दिवसभर खाली असते. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मणके जोडले तर मान वळवण्याचा निम्मा भाग शाबूत राहतो, कारण तो अगदी वरच्या दोन मणक्यांत असतो. खाली बघणं मात्र कमी होतं. चालेल का? टेबल उंच करून, मशीन थोडं तिरपं ठेवून पुष्कळांचं निभावतं. तरी माझा कल हालचाल राखण्याकडे राहील. उलट बाजूही सांगायला हवी: मागून केलेल्या ऑपरेशनात मानेचे स्नायू उलगडावे लागतात, त्यामुळे मान-खांदे भरून येण्याचा त्रास काही महिने, काहींना त्याहून जास्त, राहतो. ज्याची मूळ तक्रारच मानदुखी आहे त्याला मी लॅमिनोप्लास्टी सहसा सुचवत नाही. तुमच्या वडिलांना मानदुखी नाही, हे इथे त्यांच्या पथ्यावर पडतं.

आवाज आणि गिळणं. समोरच्या मार्गात आवाजाच्या नसेवर ताण येतो, काही जणांचा आवाज काही काळ घोगरा राहतो, क्वचित कायमचा. कीर्तनकार, शाळामास्तर, गाणारी माणसं यांच्याशी बोलताना मी हा मुद्दा पहिला काढतो. शिंप्याला त्याचं तितकं नसेल, पण वडील भजनी मंडळात असतील तर ते तुम्हालाच माहीत, एमआरआयला नाही.

साखर. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) आठच्या खाली आणल्याशिवाय मी नियोजित ऑपरेशन सहसा घेत नाही. मागची जखम मोठी असते, साखर वाढलेली असेल तर तिथे जंतुसंसर्गाचा धोका समोरच्यापेक्षा जास्त. पण साखरेच्या नावाखाली चार महिने घालवू नका. इन्सुलिन चालू करून दोन-तीन आठवड्यांत रोजची साखर ताब्यात आली तर पुढे जाता येतं, आकडा खाली यायला तसाही वेळ लागतो.

सगळं धरून, एक्स-रेवर मानेचा बाक नीट असेल, मणके घसरत नसतील आणि सीटीवर मोठं हाड आडवं येत नसेल, तर मी लॅमिनोप्लास्टी निवडेन. मान पुढे झुकलेली असेल तर समोरून. मणका हलत असेल तर मागून मोकळं करून स्क्रूने जोडेन. ‘मणका हलतो’ या मुद्द्यावर मुंबईच्या केईएममध्ये दीर्घकाळ काम केलेले डॉ. अतुल गोयल यांचं मत बरंच पुढे जातं. त्यांच्या मते मूळ आजारच अस्थिरतेचा आहे आणि कमान न काढता नुसतं स्क्रूने स्थिर केलं तरी पुरतं. मी स्वतः दाब मोकळा केल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि ते मत अजून सर्वमान्य नाही. पण पहिल्या दोन मणक्यांचे स्क्रू बसवण्याची त्यांची १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आज जगभर वापरतात, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंही नाही.

तुमच्या दोन्ही सर्जनांकडे नवे एक्स-रे आणि सीटी घेऊन परत जा आणि एकच विचारा: ‘दुसरा मार्ग यांच्यासाठी का नको?’ जो वडिलांच्या मानेचा बाक, पातळ्या, तंबाखू, शिवणकाम यांवर बोट ठेवून उत्तर देईल, त्याच्याकडे करा. ‘मी नेहमी असंच करतो’ हे उत्तर ऐकून लगेच वाईट वाटून घेऊ नका. हात बसलेली पद्धत हीसुद्धा सुरक्षिततेची बाब आहे. पण ते एवढंच उत्तर असेल तर अपुरं आहे.

तिथेच दोन गोष्टी भूलतज्ज्ञांशी बोलून घ्या. भूल देताना श्वासाची नळी घालायची तेव्हा मान मागे ताणायची नाही, त्यासाठी दुर्बीण किंवा कॅमेऱ्याचं साधन वापरावं लागतं. ऑपरेशन चालू असताना रक्तदाब खाली जाऊ द्यायचा नाही, दबलेल्या मज्जारज्जूला ते सोसत नाही. ऑपरेशनदरम्यान मज्जारज्जूचे संदेश मोजणारं यंत्र लावणार का, हेही विचारा. आणि पाठ-कंबरेचाही एक धावता एमआरआय आधी झाला असेल तर उत्तम. मानेत आणि कंबरेत एकाच वेळी नळी अरुंद असलेली माणसं थोडी नसतात, मग पाय का सुधारत नाहीत याचं कोडं नंतर सुटत नाही.

धोक्यांत खांदा-दंडाच्या कमजोरीबद्दल वडिलांना स्वतःला आधी सांगा. साधारण २० पैकी एकाला ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी हात खांद्यातून उचलता येत नाही. बहुतेकांचा काही महिन्यांत परत येतो. आधी सांगितलेला माणूस धीराने व्यायाम करतो, न सांगितलेला घाबरून दुसरा डॉक्टर शोधतो.

ट्रॅक्शनबद्दल: नको. मज्जारज्जू दबलेला असताना मान ओढणं, झटका देऊन ‘बसवणं’, सलूनमध्ये मालिशनंतर मान कडकन मोडून घेणं, यातलं काहीही नको. फिजिओथेरपिस्टचं काम पुढे आहे, आणि मोठं आहे: तोल, बोटांचं बारीक काम, चालणं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीपासून चालायला लावतात. हलकं हातशिवण साधारण सहा आठवड्यांनी, मशीन त्यानंतर सर्जनच्या परवानगीने. पायमशीन असेल तर मोटर बसवून घ्या, पायांचा ताल उशिरा येतो.

खर्चाचा मोठा भाग प्लेट-स्क्रूंचा असतो आणि पद्धतीनुसार तो बराच बदलतो, तेव्हा दोन्हीकडून लेखी अंदाज घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. कुठली पद्धत मंजूर होते हेही विचारा, नुसतं ‘मणक्याचं ऑपरेशन बसतं’ यावर थांबू नका.

तोवर पडू देऊ नका. अरुंद नळीत साधं तोंडावर पडणंसुद्धा महागात जातं. मान मागे झटकली जाते आणि चालता माणूस हात लुळे घेऊन दवाखान्यात येतो. मोटारसायकलवर मागे बसणं बंद, एसटीत मागच्या सीटवर बसणं बंद, मोरीत धरायला दांडी, रात्री उठताना दिवा, निसटत्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, चालणं दिवसागणिक बिघडलं किंवा पडल्यानंतर हातातली ताकद अचानक गेली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जिथे न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे सर्जन आहेत अशा रुग्णालयात मान न हलवता थेट न्या.